एकविसावा हात

दान्येलबाबांचा डावा हात उजव्याच्या दीडपट जाड होता. सदऱ्याची डावी बाही त्यांना कधी बसत नसे, म्हणून नवा सदरा शिवला की आधी ते ती बाही दंडापर्यंत उसवत. उजवा हात मात्र साधाच, कुठल्याही म्हाताऱ्याचा असावा तसा. पहिल्या भेटीत मला वाटलं, हा गडी डावखुरा असणार. पण मग त्यांनी उजव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला, उजव्या हातानं कोंबडी हाकलली, आणि मी कोड्यात पडलो.

मी तेव्हा राहात्याला शाळामास्तर होतो. तिकडं जगात लढाई चालली होती, इकडं रॉकेल मिळत नव्हतं, उसाच्या मुलखात राहून साखर मिळत नव्हती, आणि मला खूळ लागलं होतं तलवार शिकायचं. खूळच म्हणायचं, दुसरं काय! इतिहासाच्या तासाला मी फूटपट्टी घेऊन गडाच्या दरवाज्यात लढायचो. एकदा शाळेचा शिपाई दारात उभा राहून बघत होता. पलटणीतून परत आलेला माणूस. तास संपल्यावर हळूच म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका, पर असा वार केला तर पयला गुडघा आपलाच जाईल." माझा चेहरा असा काही उतरला की त्यानं नंतर आठवडाभर मला न सांगता चहा आणून दिला. दहा वर्षं मी लढाया शिकवत होतो आणि एक वार धड येत नव्हता.

मग शोध सुरू झाला. नगरच्या एका आखाड्यात गेलो. तिथं लेझीम होती, लाठी होती, मल्लखांब होता, तलवारी मात्र पत्र्याच्या. संमेलनात वाजवायच्या. एका जत्रेत पट्टा फिरवणारा भेटला. समोरच्याच्या तळहातावरचं लिंबू कापायचा, तळहाताला ओरखडा नाही. लोक टाळ्या पिटत होते. मी त्याला गाठून विचारलं, "पण समोरचा हलला तर?" तो म्हणाला, "हलायचं न्हाई असं ठरल्यालं असतंय." शत्रूला हे कोण सांगणार, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

शेवटी पत्ता दिला तो राहात्याच्या बाजारात बसणाऱ्या शिकलगारानं. विळे, कोयते, अडकित्ते यांना धार लावणं हा त्याचा रोजचा धंदा, पण तलवारी उजळायचं काम त्याच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं. मी चाकू घेऊन त्याच्यापुढं बसलो आणि विषय काढला.

"तलवारी लई घरात हायेत गुरुजी," तो धारेचं चाक फिरवता फिरवता म्हणाला. "दसऱ्याला पुजायच्या आन् परत खुंटीला. त्येंची धार कशी कोरीच्या कोरी. पर येक हुती, पुणतांब्याकडच्या बापूसाहेब पाटलांची, लायसनची. दरसाली माझ्याकडं यायची आन् दरसाली धारंला खाचा. फरीच्या पितळी फुलांवर आपटल्याबिगर तसल्या खाचा पडत न्हाईत."

फरी म्हणजे कातड्याची लहान गोल ढाल, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं.

"मग पाटलांकडं जाऊ?"

"आता न्हाई येत ती तलवार. पाटील बी कुनाला भेटत न्हाईत. त्येंचा वार ज्यो घ्यायचा ना, त्येच्याकडं जा. दान्येल म्हनून म्हातारा हाय. चर्चची घंटा वाजवतो."

पुढच्याच रविवारी मी सायकल काढली.

पुणतांब्याच्या अलीकडं गोदावरीच्या काठाला ते गाव. गावकुसाबाहेर पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च आणि त्याच्या मागं एका खोलीचं घर. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात एक खाट, एक कंदील, भिंतीवर खिळ्याला लटकवलेली पितळी घंटेची जुनी दोरी, आणि कोपऱ्यात उताणी पडलेली फरी. फरीत कोंबडी बसली होती.

"उठ गं भवाने," बाबा तिला म्हणाले. "पावनं आल्यात." कोंबडी उठली नाही. मग तिच्यावर राग काढून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय शिकायचं म्हनता?"

"तलवार."

"मारायला का घ्यायला?"

मी म्हणालो, "दोन्ही." बाबा हसले. वरचे दोन दात नव्हते, त्यामुळं ते हसले की वय एकदम कळायचं.

"दोन्ही कुठली आलीय गुरुजी माझ्याकडं? माझ्याजवळ निम्मीच हाय. घ्यायची. मारायची पाटलाकडं."

हे 'निम्मी'चं प्रकरण मला हळूहळू कळलं, कारण बाबा कुठलीही गोष्ट एका बैठकीत सांगत नसत. त्यांच्या लहानपणी गावच्या तालमीत एक वस्ताद होता. खऱ्या तलवारीचं खरं काम जाणणारा. त्याला पाटलाच्या मुलाला तयार करायचं होतं. पण वार घ्यायला समोर कुणाचं पोर उभं करायचं? एखाद्याचा कान गेला, बोट गेलं, तर आईबाप तालमीत येऊन बोंब मारणार. तेव्हा वस्तादानं गावकुसाबाहेरून दान्येल उचलला. दान्येलच्या बापानं बाप्तिस्मा घेतला होता, पण गावाच्या लेखी त्यानं काही फरक पडला नव्हता. तलवारीला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी बजावलं. फरीला चालेल. फरी कातड्याची, आणि मेलेल्या जनावराचं कातडं तसंही त्यांच्याच लोकांनी ओढून काढलेलं.

तर बापूसाहेब मारायला शिकले आणि दान्येल घ्यायला शिकला. एकाला दुसऱ्याची बाजू कधीच शिकवली नाही. वस्ताद गेला, तालीम पडली, पण दोघांनी खेळ सोडला नाही. दरसाल चैत्रातल्या जत्रेत, कुस्त्या संपल्यावर, नदीकाठच्या मैदानात पाटील खऱ्या तलवारीनं एकवीस हात, म्हणजे ठरलेले एकवीस वार, करायचे आणि दान्येल ते फरीवर घ्यायचा. पंचक्रोशी बघायला लोटायची.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. "म्हणजे तुम्हाला खांबासारखं उभं केलं? चाळीस वर्षं नुसता मार खाल्ला तुम्ही!"

बाबा शांतपणे म्हणाले, "चाळीस वर्सं पाटलानं मारलं, आन् येकदा बी लागलं न्हाई. मग गुरुजी, जिंकलं कोन?"



शिकवणी रविवारी, उपासना आटोपल्यावर, नदीच्या वाळूत. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी हातात काहीतरी मिळेल. कसलं काय! पहिले दोन महिने त्यांनी मला उलटं चालायला लावलं. वाळूत, मग नांगरलेल्या शेतात, ढेकळांतून. मी दर दहा पावलांना आपटायचो. शेतातल्या बाया खुरपं थांबवून पदरात हसायच्या. बाबा मात्र त्याच ढेकळांतून, माझ्याकडं तोंड करून, गप्पा मारत असे मागं जायचे की जणू टाचांना डोळे आहेत. ते सगळीकडंच असे निघायचे. कुणाच्या घरून उठले की तीन पावलं मागं, मग वळायचं. चर्चमधूनसुद्धा तसंच. नव्या पाळकांना वाटायचं, काय भाविक माणूस आहे! बाबांना विचारलं तर म्हणायचे, "भक्ती कसली, सवय हाय."

दुसरा धडा खांद्याचा. "डोळं फसवत्यात. हात तर लबाडच. खांदा बघा गुरुजी. खांद्याला खोटं बोलायला सवड मिळत न्हाई." ही सवय मला अशी जडली की पुढं शाळेत कोण पोर खोडी काढणार हे मला आधीच कळू लागलं. माझ्या आयुष्यात तलवारीचा एवढाच प्रत्यक्ष उपयोग झाला.

आणि मग गदगा आला. गदगा म्हणजे तलवारीऐवजी घ्यायची, कातडं मढवलेली काठी. तो मी माझ्या हातानं करून नेला. बाबांनी त्याला एकदाही हात लावला नाही. हातातून निसटून त्यांच्या पायाशी पडला तरी मी जाऊन उचलेपर्यंत ते थांबत. एकदा मी चिडून म्हणालो, "बाबा, आता कोण बघतंय? कोण अडवतंय तुम्हाला?"

"कुनी न्हाई," ते म्हणाले. "पर ते माझं न्हाई."

मग ज्यानं आयुष्यात एक वार केला नाही त्यानं मला वार कसे शिकवले? फरीनं शिकवले. मी वेडावाकडा गदगा चालवायचो. ते तो लीलया झटकायचे, आणि मग फरी तिथून हलवून दुसरीकडं नेऊन धरायचे. "हितं यायला पायजे हुता." मी पुन्हा मारायचो. "जरा खालनं. पाटील हितं मनगट मोडायचे. हां." असं करत करत फरी जिथं जिथं जाई तिथं तिथं मी पोचायला शिकलो. वर्षभरात माझ्या लक्षात आलं की मी वार शिकतच नाहीये, मी बापूसाहेब शिकतोय. त्यांची लांबी, त्यांची घाई, चौथ्या हातानंतरचा त्यांचा एक बारीकसा थांबा. बाबांच्या अंगात तो माणूस जसाच्या तसा बसलेला होता.

मध्यंतरी मी एक आगाऊपणा केला. नगरच्या आखाड्यातल्या एका लाठीवाल्या मास्तरांना घेऊन आलो. मिशा, गंडे, लाल लंगोट, सगळं यथासांग. त्यांनी पाऊण तास बाबांवर काठी चालवली. फरीशिवाय कशालाही ती लागली नाही. शेवटी मास्तर वाळूत फतकल मारून बसले आणि धापा टाकत म्हणाले, "पण हे मारत का नाहीत?"

बाबांनी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. "मारायचं कशाला? तुमी बसलात की."

पण हे सगळं सतरा हातांपर्यंतच. पहिले सात डोक्याखांद्याचे, पुढचे सात कमरेचे, मग तीन पायांचे. सतरावा घोट्याचा. त्यात मारणाऱ्यानं पुढचा गुडघा टेकवून अगदी जमिनीलगत झपकारा काढायचा. तो झाला की बाबा फरी खाली ठेवायचे. "झालं आजचं."

"आणि पुढचे चार?"

"ते पाटलांचं हायेत."

काय घडलं होतं ते त्यांनी एका दुपारी घंटेची दोरी वळता वळता सांगितलं. मी येण्याच्या दोन वर्षं आधीची जत्रा. सतराव्या हाताला पाटलांचा गुडघा वाळूत टेकला, त्यांचा तोल गेला आणि ते तलवारीसकट तोंडावर चालले. दान्येलनं फरी टाकली आणि उघड्या हातानं त्यांचं मनगट धरलं. सगळ्या गावासमोर. पाटील सावरले.  मग कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी "शिवला की रं" असं म्हणालं. पाटलांनी तलवार म्यानात घातली आणि ते घरी गेले. तेव्हापासून ते खेळले नाहीत. एकाच गावातली माणसं, चाळीस वर्षांचा खेळ, आणि एका शब्दाची गाठ नाही.

"येकदा यावं त्येंनी," बाबा म्हणाले. "चार हात ऱ्हायल्यात. मधेच सोडलेला खेळ अंगात तसाच बसून ऱ्हातो गुरुजी. झोपंत बी डावा हात उचलतो. येकदा पुरं झालं की मी सुटलो."

त्यांनी दुसरं काहीही कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

मला हा अन्याय सहन होईना. मी सायकल काढली ती थेट पाटलांच्या ओसरीवर. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. शिवलं म्हणून चाळीस वर्षांच्या सोबतीचा माणूस तोडता? काळ कुठं चाललाय? असं सगळं भाषण वाटेत पाठ केलं होतं.

बापूसाहेब खुर्चीत बसले होते. उंच, सुकलेले, अंगावर जाड शाल, उन्हाळा असून. दोन्ही हात शालीच्या आत. त्यांनी माझं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग घरातल्या बाईमाणसाला आत जायची खूण केली आणि म्हणाले, "सतरापर्यंत शिकवलं ना त्यानं तुम्हाला? पुढचे मी सांगतो."

आणि त्यांनी शालीतून उजवा हात बाहेर काढला.

तो हात थरथरत होता. थोडाथोडका नाही. खुर्चीच्या दांड्यावर टेकवला तर अंगठी लाकडावर टकटक वाजू लागली. "अठरावा डाव्या बगलेत, खालून वर. एकोणिसावा टाळूवर. विसावा पोटात, सरळ. एकविसावा मानेवर." त्यांनी डाव्या हातानं तो हात दांड्यावर दाबून धरला. "एकविसाव्याला घेणारा फरी खाली घेतो. मान उघडी देतो. मारणाऱ्यानं वार पुरा सोडायचा आणि कातड्याशी आणून थांबवायचा. वस्तादानं हेच खरं शिकवलं आम्हांला. बाकीचे वीस त्याच्यासाठी."

मी त्यांच्या हाताकडं बघत राहिलो. माझं भाषण पार विरून गेलं होतं.

"त्या दिवशी मी पडलो तो पायामुळं नाही," ते म्हणाले. "आता हा हात थांबायचा नाही मास्तर. आणि दान्या मान द्यायचा चुकणार नाही. तो फरी खाली घेणारच."

"मग हे त्यांना सांगा ना! ते बिचारे समजतायत की शिवल्यामुळं—"

"समजू द्या." आवाज एकदम करडा झाला. "पाटील जातीवर गेला म्हणतात, म्हणू द्या. पाटलाचा हात कापतो हे म्हटलेलं मला चालायचं नाही. त्यानं मनगट धरलं तेव्हा त्याला कळलं की काय, एवढीच मला धास्ती आहे. काही बोलला का तो?"

"नाही."

"मग तुम्हीही बोलणार नाही. शपथ घ्या."

आणि मी घेतली! तिथं मी का 'नाही' म्हणालो नाही, याचा मी आजवर स्वतःवर राग धरलाय. माणसानं आपल्याला वाईट म्हणून घ्यावं पण म्हातारा म्हणून घेऊ नये, असला हट्ट. पण त्यांचे डोळे भरलेले होते आणि मी पडलो मास्तर माणूस.

परत आलो तर बाबा चर्चच्या पायरीवर बसले होते. "काय म्हनले?"

"नाही म्हणाले."

बाबांनी मान हलवली आणि कोंबडीला दाणे टाकायला उठले. तीन पावलं मागं आणि मग वळले.

पुढच्या चैत्रात मी जत्रेला मुद्दाम गेलो. बाबांनी सकाळी अंघोळ केली, फरीतून कोंबडी काढली, फरीला तेल लावलं, पितळी फुलं चिंचेनं घासली. गळ्याभोवती जाडसं उपरणं दोन वेढे देऊन बांधलं. "एवढ्या उन्हात?" मी विचारलं. "आसू द्या," म्हणाले. आणि मैदानाच्या कडेला, कुस्त्यांच्या गर्दीपासून वीसेक हातांवर, फरी डाव्या हातात धरून उभे राहिले.

दुपारपासून. कुणी त्यांच्याशी बोललं नाही, कुणी हटकलंही नाही. लोकांना आता त्याची सवय झाली असावी. रेवडीवाले ओरडत होते, पिपाण्या वाजत होत्या, कुस्त्यांचा ढोल चालला होता, आणि हा माणूस त्या सगळ्याच्या काठाला एकटा. मांडवाखाली बापूसाहेब खुर्चीत, शाल अंगावर. शेवटची कुस्ती सुटली तेव्हा त्यांनी एकदाच इकडं पाहिलं. खांदा बघायला मला बाबांनीच शिकवलं होतं. उजवा खांदा किंचित वर आला. माणूस उठणार असला की येतो तसा. मग खांदा पुन्हा खाली आला.

दिवस मावळल्यावर बाबा म्हणाले, "औंदा बी न्हाई." मला तोंड उघडावंसं वाटलं आणि मी नुसती सायकल हातात धरून त्यांच्या बरोबर चालत राहिलो. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की राहात्यापर्यंत मी सायकलवर बसलोसुद्धा नाही.

पाटील गेले ते पुढच्या माघात. राहात्याला बाजारात शिकलगारानंच सांगितलं. मी शाळा अर्धी सोडून निघालो. बाबा दारातच उभे होते, आंघोळ करून, गळ्यात उपरणं, हातात फरी.

"चला," म्हणाले. "नदीवर नेत्यात."

वाटेत मी सगळं सांगून टाकलं. शपथ घ्यायला लावणाराच राहिला नव्हता. थरथरणारा हात, अंगठीची टकटक, 'दान्या मान द्यायचा चुकणार नाही', सगळं.  बाबा ऐकत चालले होते. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, नाहीतर माझ्यावर चिडेल.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

मी जागच्या जागी थांबलो.

"फरीला कळतंय ना गुरुजी. चाळीस वर्सं येका मानसाचा वार घेतल्यावर त्यो कवा कापाया लागला त्ये फरीला पयलं कळतं. त्येंना कळायच्या आदी मला कळलं. शेवटची तीन सालं येकविसावा हात थांबत न्हवता. मानंला टेकायचा." त्यांनी उपरण्याला बोट लावलं. "म्हनून ह्ये. रगत दिसू ने म्हनून."

"एकदाही लागलं नाही म्हणायचात तुम्ही!"

"त्ये काय लागनं हाय व्हय?"

"आणि तरी मान द्यायचात?"

"खेळच तसा हाय."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत, की मला कळलंय म्हणून? इतक्या जत्रा उन्हात उभे राहिलात, तो माणूस उठणार नाही हे ठाऊक असून!"

बाबा चालता चालता माझ्याकडं बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर त्येंनी मांडवात यायचं बी सोडलं असतं. आन् उठायचं मनात आलंच त्येंच्या, तर समोर कुनी हुबं नको? येकट्या मानसानं कुनावर हात टाकायचा?"

आम्ही काठावर पोचलो. माणसं घाटाजवळ जमली होती, फेटे, पांढरी धोतरं, रडणाऱ्या पोरांना दूर नेणारी माणसं. बाबा तिकडं गेले नाहीत. जायचं असतं तरी त्यांना कुणी जवळ येऊ दिलं नसतं, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. ते प्रवाहाच्या खालच्या अंगाला, कोरड्या वाळूत उतरले. मी काठावर थांबलो. उन्हं तिरपी झाली होती. घाटावर चिता पेटली, जाळ उंच झाला, तसं बाबांनी पवित्रा घेतला.

पहिल्या हातापासून नाही. त्यांनी डावा पाय मागं टाकला आणि फरी घोट्याशी नेली. मला कळलं, हा सतरावा. तिथंच तुटलं होतं, तिथूनच त्यांनी धरलं.

मग फरी घोट्यापासून वळून बगलेशी आली. अठरा. वर टाळूवर चढली, आणि तिथं पोचताना डावा दंड असा हलला की वरून खरंच काहीतरी वजन आलं असावं. एकोणीस. समोर कुणीही नव्हतं, नुसती वाळू आणि पलीकडं पाणी, पण दोन वर्षं ज्यांना मी बाबांच्या फरीतून शिकलो होतो ते बापूसाहेब मला तिथं दिसत होते, मनगट मोडून, घाई करत, तरुणपणीचे. फरी पोटाशी आली. बाबा अर्धं पाऊल मागं सरकले. वीस.

मग त्यांनी फरी खाली घेतली. अगदी मांडीपर्यंत. उजव्या हातानं गळ्याचं उपरणं सोडलं, एक वेढा, दुसरा वेढा. मानेच्या डाव्या बाजूला एक पांढरा वण होता, बोटभर लांब. उपरणं वाऱ्यानं ओल्या वाळूकडं गेलं. बाबा मान कलती करून, डोळे उघडे ठेवून उभे राहिले.

किती वेळ उभे होते सांगता येणार नाही. घाटावरची माणसं परतायला लागली होती. मला राहवेना. मी वाळूत उतरून उपरणं उचललं आणि म्हणालो, "बाबा, गळ्याला गुंडाळा."

ते तसेच, मान न हलवता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. आता हात कापत न्हाई त्येंचा."